मोठी गाडी बेटाच्या कामाची नाही

दिवाडीवर राहणाऱ्या माणसाने नवी गाडी घ्यायचे मनात आणले, की सल्ला तयारच असतो. 'बेटावर राहता ना? मग एसयूव्हीच घ्या. उंच, दणकट, डिझेल.' शोरूममधला मुलगा हेच सांगतो, पणजीतला मेव्हणा हेच सांगतो आणि चवथीला आलेला पुण्याचा भाचाही, 'मामा, तुमच्याकडे ती फेरी, तो चिखल, ते पाणी. तुम्हाला तर मोठीच गाडी हवी,' असे बजावून जातो. हे सगळे आपलेपणाने बोलतात, आणि त्यांच्या शब्दाखातर इथल्या कितीतरी घरांनी ऐपतीबाहेरचे हप्ते अंगावर घेतले आहेत. म्हणून या सल्ल्याला स्पष्ट उत्तर द्यायची वेळ आली आहे. बेट आहे म्हणून मोठी गाडी हवी, हे म्हणणे मुळातच उलटे आहे. बेट आहे म्हणूनच ती नको.

ज्यांना इथला भूगोल ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मांडवीच्या पात्रात चोडण आणि दिवाडी ही बेटे आहेत. चोडण मयेच्या बाजूने रस्त्याने डिचोलीकडे जोडलेले आहे; वळसा लांबचा, पण अडीअडचणीला वाट आहे. दिवाडीला तीही नाही. कोकण रेल्वे आमच्या बेटावरून जाते, पण थांबत नाही. गाडी घेऊन बाहेर पडायचे तर जुने गोवे, रायबंदर किंवा नार्वे, यांपैकी एका धक्क्याची फेरीबोट धरायची. म्हणजे आमच्या गाडीच्या रोजच्या प्रवासातला पहिला रस्ता लोखंडी असतो, तो पाण्यावर तरंगतो, आणि त्याची लांबी-रुंदी ठरलेली असते.

आता फेरीच्या उताराचे कारण पाहू, कारण तेच सर्वांत आधी पुढे केले जाते. धक्क्याचा उतार तीव्र, म्हणून गाडी जमिनीपासून उंच हवी, असा हा हिशेब. मांडवीला भरती-ओहोटी आहे. भरतीला फेरी धक्क्याच्या वरच्या अंगाला लागते आणि तिची फळी जवळजवळ सपाट पडते. ओहोटीला तीच फेरी खाली, शेवाळ धरलेल्या भागापाशी लागते. तिथे उताराचा आणि फळीचा कोन तुटक होतो. त्या सांध्यावर गाडी घासते ती बहुतेक वेळा पोटाला नव्हे, तर नाकाला किंवा शेपटाला. पुढच्या चाकापुढे आणि मागच्या चाकामागे गाडीचा जो भाग लोंबतो, तो किती लांब आणि किती खाली, यावर सगळे ठरते. लहान हॅचबॅकची चाके चार कोपऱ्यांना असतात, लोंबता भाग थोडका असतो. लांब गाडीच्या मागच्या बंपरखाली मात्र टो-हुक, प्लास्टिकची झालर, कधी हौसेने बसवलेला संरक्षक पाइप असतो. अमावास्येच्या आसपासच्या ओहोटीला रायबंदरच्या धक्क्यावर उभे राहा. फेरीवरचा माणूस हात आडवा धरून ड्रायव्हरला थांबवतो, पुन्हा मागे घ्यायला लावतो, चाक तिरके करायला सांगतो. तोवर लांब गाडीच्या शेपटाचा काँक्रीटवर खरवडल्याचा आवाज आलेला असतो. मागोमाग एखादी जुनी सँट्रो काही न लागता चढून जाते. टाटा पंचसारख्या चार मीटरच्या आतल्या गाडीला जमिनीपासून १८७ मिलिमीटर उंची मिळते. आमच्या धक्क्यांना याहून जास्त उंची लागते, असे म्हणणाऱ्याने एकदा टेप घेऊन धक्क्यावर यावे.

फेरीवर चढल्यानंतरची गोष्ट तर कोणी बोलतच नाही, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे. फेरीचा डेक सगळ्यांचा आहे. त्यावर शाळेची मुले असतात, मासे घेऊन निघालेली बाई असते, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल असते, गॅसचे सिलिंडर आणणारा टेंपो असतो. साध्या फेरीत पायी माणूस आणि दुचाकी फुकट जाते, मोटारीचे भाडे नाममात्र असते. अशा जागेत कोणाची गाडी किती लांब, हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न राहत नाही. टोयोटा फॉर्च्युनर ४७९५ मिलिमीटर लांब आहे, वॅगनआर ३६५५. चार फॉर्च्युनर एकामागे एक लावल्या तर १९ मीटरहून जास्त जागा जाते. पाच वॅगनआर सव्वाअठरा मीटरच्या जरा पुढे संपतात. म्हणजे लहान पाचांच्या जागी मोठ्या चार आल्या, की पाचव्या घराची गाडी धक्क्यावर राहते. त्या गाडीत डायलिसिसला निघालेले आजोबा असू शकतात, बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळात बाळंतिणीला भेटायला निघालेली आई असू शकते. पुढची फेरी येईस्तोवर त्यांनी उन्हात बसायचे.

रुंदीचेही तेच. स्कॉर्पिओ-एन आरसे न धरता १९१७ मिलिमीटर रुंद, हॅरियर १९२२, वॅगनआर १६२०. हा फरक एका फुटाचा आहे. फेरीत दोन रांगा लागल्यावर त्या एका फुटात दुचाकी उभी राहते किंवा म्हातारे माणूस दार उघडून उतरू शकते. रुंद गाड्या शेजारी लागल्या की दार चार बोटे उघडते, आणि आत बसलेल्याला इच्छा असो-नसो, आतच बसावे लागते. फेरी चालू असताना दार उघडता न येणे ही सुरक्षिततेची गोष्ट आहे. तिला गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही.

यावर उत्तर येते की आता रो-रो आल्या आहेत, जागेचा प्रश्न मिटला. रायबंदर–चोडण मार्गावर २०२५ च्या पावसाळ्यात मोठ्या रो-रो फेऱ्या सुरू झाल्या, हे खरे, आणि त्या आल्याचा मला आनंद आहे. पण जागा वाढली म्हणून प्रत्येकाने आपली गाडी वाढवायची ठरवली, तर दोन वर्षांत आपण होतो तिथेच येऊ. शिवाय त्या फेऱ्या त्या मार्गावर आहेत. नार्व्याला जायचे तर आम्हाला अजून जुनीच बोट आहे.

धक्का सोडून बेटावर आल्यावर रस्ता कसा आहे? खाजन जमिनीतून गेलेली एकच पट्टी. दोन्ही बाजूंना भातशेती, खारे पाणी अडवणारे बांध, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशी. पुढे पिएदादची चढण, आणि वाड्यांत शिरल्यावर जुन्या घरांच्या गडग्यांमधल्या बोळवजा वाटा. समोरासमोर दोन रुंद गाड्या आल्या, की एकाला मागे जावे लागते, आणि मागे जाताना एक चाक शेताच्या कडेवर घालावे लागते. पावसाळ्यात ती कडा भुसभुशीत असते. दीड-दोन टनांची गाडी तिथे रुतते. हलकी गाडी चार माणसे उचलून वर घेतात. हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि रुतलेली गाडी ओढायला बेटावर क्रेन नसते, तीही फेरीनेच यावी लागते.

रस्त्यावरच्या पाण्याचे कारण सर्वांत भ्रामक आहे. जाहिरातीत एसयूव्ही नदी ओलांडते, फवारे उडतात. ते पाणी गोडे असते, आणि गाडी कंपनीची असते. आमच्या इथे रस्त्यावर येणारे पाणी बऱ्याचदा खाडीचे असते. पावसाळ्यात मांडवी गोडी होत जाते, पण फेब्रुवारीनंतर खारेपणा वरपर्यंत चढतो, आणि उधाणाला खाजनातून रस्त्यावर येते ते खारे पाणी. त्यातून उंच गाडी 'आरामात' जाते, हे मान्य. त्यानंतर त्या गाडीचे काय होते, ते गॅरेजमध्ये पाहावे. खारे पाणी लागलेल्या लोखंडाचा गंज साध्या गंजापेक्षा कितीतरी वेगाने पसरतो, कारण मिठामुळे पाण्यातून वीजवहन वाढते आणि लोखंडाची झीज जोर धरते. उष्ण, दमट हवा त्यात भर घालते. मोठ्या गाडीच्या खाली लोखंड जास्त, खाचा जास्त. पाय ठेवायच्या पट्टीमागे, चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तरात, चॅसीच्या पोकळ दांड्यांत खारट चिखल जाऊन बसतो आणि सुकतच नाही.

आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने मागे एक सहा वर्षांची मोठी डिझेल गाडी खड्ड्यावर घेतली होती. वरून रंग आरशासारखा. त्याने सायलेन्सरच्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावले, जरा जोर दिला, आणि तपकिरी पापुद्रे त्याच्या मनगटावर सांडले. ब्रेकच्या नळीवर फोड आले होते. हँडब्रेकची केबल तिच्या आवरणात आखडून बसली होती. मालकाला यातले काही माहीत नव्हते, कारण तो गाडी वरून धुवत होता. जी गाडी नळीने खालून धुता येते, जिच्या खालच्या प्रत्येक भागापर्यंत हात पोचतो, दरवाज्यांची पाणी गळायची भोके जिच्यात सहज मोकळी करता येतात, ती बेटावर टिकते. आठवड्याला गोड्या पाण्याने खालून धुणे आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर गंजरोधक लेप, इतके केले तरी लहान गाडीला पुष्कळ होते. उंचीने गंज थांबत नाही. उलट उंची माणसाला पाण्यात गाडी घालण्याचा धीर देते, आणि नुकसान तिथून सुरू होते.

डिझेलबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण इथे लोकांचे पैसे अक्षरशः धुरात जातात आणि का जातात ते त्यांना कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ निकष आले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत धुरातली काजळी पकडणारी एक जाळी असते. ती भरली की तिच्यातली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. इंजिन पूर्ण गरम होऊन गाडी बऱ्यापैकी वेगाने, न थांबता पंधरा-वीस मिनिटे चालली, की हे काम आपोआप होते. महामार्गावर रोज धावणाऱ्याला ते कळतही नाही. दिवाडीकराचा रोजचा प्रवास आठवा. घरापासून धक्क्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर, तिथे इंजिन बंद. फेरी आली की चालू, चढलो की बंद. पलीकडे उतरून रायबंदरच्या अरुंद रस्त्याने आणि पुढे पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या त्या लांब पुलावरून, गर्दीत रखडत पणजी. इंजिन तापते न तापते तोच मुक्काम येतो. जाळी भरत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, लोक दुर्लक्ष करतात, मग एक दिवस गाडी ताकद कमी करून घेते आणि सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागते. ते सेंटर अर्थातच नदीपलीकडे. 'डिझेल परवडते' हे वाक्य वर्षाला भरपूर किलोमीटर करणाऱ्यासाठी होते. त्याच्या तोंडून ऐकून बेटावरच्या माणसाने ते उचलले, आणि कोणी थांबवले नाही.

लहान पेट्रोल गाडीलाही छोटे प्रवास फारसे मानवत नाहीत. सायलेन्सरमध्ये पाणी साठते, ते वाफ होऊन बाहेर पडत नाही. महिन्यातून एकदा म्हापसा किंवा मडगावपर्यंत मोकळ्या रस्त्याने नेऊन आणावी, इतकाच उपाय. पण ज्यांच्या घराला पडवी आहे आणि मीटर स्वतःचा आहे, त्यांनी विजेच्या लहान गाडीचा गंभीरपणे विचार करावा, असे मी आग्रहाने सांगतो. दिवाडी–पणजी जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटरच्या आसपास. टियागो ईव्हीसारखी गाडी ३७६९ मिलिमीटर लांब आहे आणि तिची लहान बॅटरीही १९.२ युनिटची आहे. आमच्या रोजच्या फेरीला तीन-साडेतीन युनिट पुरतात. पावसाळ्यात एक दिवस वीज गेली तरी अडत नाही. फेरीवर इंजिन बंद-चालू करण्याचा प्रश्नच नाही. काळजी एकाच गोष्टीची घ्यायची. अशा गाडीत मोटर स्वतःच वेग कमी करते, ब्रेकच्या चकत्या फारशा वापरल्या जात नाहीत, आणि खाऱ्या हवेत त्यांच्यावर गंजाचा थर चढतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक जरा जोराने दाबून त्या साफ ठेवाव्या लागतात.

सुरक्षिततेचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण इथे माझ्या बाजूलाही एक कडू गोष्ट आहे. वर मी वॅगनआरची मापे दिली ती मापांसाठी. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या धडक-चाचणीत त्या गाडीला मोठ्यांच्या संरक्षणासाठी एक तारा मिळाला आणि मुलांसाठी एकही नाही. लहान गाडी म्हणजे आपोआप चांगली गाडी, असे मी म्हणत नाही. पण मोठी म्हणजे आपोआप सुरक्षित, हेही तितकेच खोटे आहे. पंचला २०२१ मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे आणि मुलांसाठी चार मिळाले. अल्ट्रोजला २०२० मध्ये मोठ्यांसाठी पाच. दोन्ही चार मीटरच्या आत. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले आहे, त्याचे निकाल कोणालाही पाहता येतात. गाडी घेताना तारे पाहा, मुलांची खुर्ची अडकवायचे आयसोफिक्सचे कडे आहे का ते मागच्या सीटच्या फटीत बोटे घालून स्वतः पाहा. लांबी पाहून सुरक्षिततेचा अंदाज बांधू नका. आणि बेटावर कोणाची सुरक्षितता, हेही विचारले पाहिजे. गडग्यांमधल्या त्या वाटांवर मुले सायकली चालवतात. उंच बोनेटच्या गाडीच्या अगदी पुढ्यात पाच वर्षांचे मूल उभे असले, तर ड्रायव्हरला ते दिसेलच असे नाही.

राहिली सणासुदीची माणसे. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान असते, घरात दहा जण असतात, आजीला नार्व्याला सप्तकोटेश्वराला न्यायचे असते. तो देव मूळचा आमच्या दिवाडीचा. पोर्तुगीजांच्या छळात नदीपलीकडे नेला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आजही आम्ही नदी ओलांडूनच त्याच्या पाया पडतो. त्या दिवशी सात जागांची गाडी सोयीची असते, हे कबूल. पण असे दिवस वर्षातून किती? त्या मोजक्या दिवसांसाठी उरलेले सगळे वर्ष रिकाम्या सीटा फेरीवरून नेण्या-आणण्यात कोणते शहाणपण? ज्यांना खरोखर सात जागा लागतात त्यांच्यासाठी ट्रायबर आहे: ३९९० मिलिमीटरमध्ये सात जणांची बसायची सोय, आणि तिसरी रांग काढून घरी ठेवली की मागे ६२५ लिटर जागा. भाताची पोती, नारळ, व्हीलचेअर, सगळे बसते. बाकीच्यांनी त्या दोन दिवसांपुरती गाडी भाड्याने आणावी; तिचे भाडे मोठ्या गाडीच्या एका हप्त्याइतकेही होत नाही.

हप्त्यांवरून करही आठवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. सरकारनेच हा फरक केला असताना, बेटावरच्या माणसाने जादा बावीस टक्के कशासाठी भरायचे? रुतण्यासाठी, घासण्यासाठी आणि शेजाऱ्याला धक्क्यावर ठेवण्यासाठी?

दुसरी एक बाजू आहे, शहरात बसून बोलणाऱ्यांची. 'एवढेसे बेट, गाडी हवीच कशाला? स्कूटर फेरीत फुकट जाते.' मला यांचाही तितकाच राग येतो. भर पावसात, रात्री, ताप भरलेल्या मुलाला मांडीवर घेऊन, रेनकोट घालून स्कूटरवर धक्का गाठण्याची पाळी यांच्यावर आली नाही. बेटावरच्या कुटुंबाला गाडी हवी. प्रश्न कोणती, एवढाच आहे. आणि 'पूल झाला की सगळे सुटेल' असे म्हणून हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्यांना इतकेच सांगतो की पूल झाला तरी खाजनातला रस्ता तेवढाच राहील आणि हवा खारीच राहील.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. फेरीचे भाडे गाडीच्या लांबीवर लावा. नॉर्वेत, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, फेरीचे भाडे ठरवताना वाहनाची लांबी धरली जाते. त्यात नवल काही नाही. चार मीटरची रेघ केंद्राने करात आखलीच आहे, तीच धक्क्यावर वापरा. बेटावर नोंदलेल्या प्रत्येक घराच्या एका चार मीटरच्या आतल्या गाडीला आजचेच नाममात्र भाडे ठेवा, रुग्णाला नेणाऱ्या गाडीला काहीच लावू नका, आणि त्याहून लांब गाडीकडून, मग ती शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकाची असो की आमच्याच वाड्यावरची, ती डेकवर जेवढी जागा अडवते तेवढ्या जागेचे पैसे घ्या. जमा होणाऱ्या पैशांतून आधी ओहोटीच्या रेषेपर्यंतचा उतार नीट करा आणि धक्क्यावर गोड्या पाण्याचा एक नळ बसवा, म्हणजे उतरणाऱ्या प्रत्येकाला गाडी तिथेच खालून धुता येईल.